निसटलेल्या कुऱ्हाडीचा खुनी

४ नोव्हेंबर १९९५च्या रात्री तेल अवीवमध्ये इस्राएलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा गोळ्या घालून खून झाला. १९९७ साली मायकेल ड्रॉस्निन या अमेरिकी पत्रकाराचं ‘द बायबल कोड’ हे पुस्तक आलं आणि धडाक्यात खपलं. त्यातला मुख्य दाखला राबिन यांचाच होता. बायबलमधली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा. ती मूळ हिब्रूत, शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून सलग लिहायची आणि दर ४,७७२व्या अक्षरावर बोट ठेवत जायचं. असं केलं की एका ठिकाणी राबिन यांचं नाव आडनावासह मिळतं. त्या नावाला छेदून जाणारी एक ओळ आहे आणि तिचा अर्थ ड्रॉस्निनने लावला, ‘खून करणारा खुनी’. अंगावर काटा यावा असाच हा योग. पण ती ओळ मुळात लपलेली नाही, सरळ मजकुरातली आहे. मराठी बायबलमध्ये ज्याला ‘अनुवाद’ म्हणतात त्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातलं हे ४२वं वचन. आणि तिथे ज्याच्याविषयी बोलणं चाललंय तो खुनी नाहीच. जुनं वैर नसताना, नकळत ज्याच्या हातून शेजारी मेला, त्याला पळून जाऊन जीव वाचवता यावा म्हणून मोशेने यार्देन नदीच्या पूर्वेला तीन नगरं राखून ठेवली, त्याबद्दलचं ते वचन आहे. म्हणजे जगभर गाजलेल्या या संकेताचा अर्धा भाग हे अर्ध्यात तोडलेलं भाषांतर आहे.

धर्मग्रंथांत गुप्त संकेत असतात की ते नुसते भाषांतराला अवघड असतात, हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो. हे दोन वेगळे पर्याय आहेत असं मला वाटत नाही. भाषांतराचं किचकट काम जिथे टाळलं जातं, नेमका तिथेच संकेत ‘सापडतो’. हे कसं घडतं ते पाहायला हिब्रू यायची गरज नाही. ‘काल रामूने दळण आणले’ हे वाक्य घ्या. पहिल्या अक्षरापासून दर तिसरं अक्षर उचला: का, मू, ळ. काना आणि उकार सोडून द्या, उरतं ‘कमळ’. निवडणुकीचे दिवस असले तर या दळणातून निकालही काढता येईल! काना-मात्रा सोडणं ही लबाडी वाटेल, पण हिब्रूत मुळात बावीसच अक्षरं आणि स्वर बहुतेक लिहिलेच जात नाहीत. मराठीत असं असतं तर ‘मल’ एवढ्या दोन अक्षरांत मला, माल, मूल, मोल, मेला असं सगळंच मावलं असतं. इतक्या सैल सांगाड्यात शब्द सापडणं सोपं असतं. त्यात तोराची अक्षरं ३,०४,८०५. अंतर कितीही घ्या, सुरुवात कुठूनही करा, पुढून वाचा नाहीतर मागून. एवढी मुभा असल्यावर एखादं नाव मिळालं नसतं तर नवल.

यावर ठरलेला आक्षेप असा की हे काही एका पत्रकाराचं खूळ नव्हतं, त्यामागे गणित होतं. ते खरं आहे. एलियाहू रिप्स हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले नावाजलेले गणिती. त्यांनी डोरॉन विट्झटुम आणि योआव रोझेनबर्ग यांच्यासह १९९४ मध्ये ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या संख्याशास्त्राच्या मान्यवर नियतकालिकात लेख लिहिला. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात प्रसिद्ध रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, नावं आणि त्यांच्या जन्म-मृत्यूच्या तिथ्या अशाच समान अंतरावरच्या अक्षरांत एकमेकांच्या जवळ सापडतात आणि हे योगायोगाने घडण्याची शक्यता लाखात दोन इतकीच आहे, असा त्यांचा दावा. नियतकालिकाने तो वाचकांपुढे कोडं म्हणून ठेवला होता, सिद्ध सत्य म्हणून नव्हे. पुढे त्याची जाहिरात होताना हा फरक गळून पडला. कोडं सोडवलं १९९९ मध्ये, त्याच नियतकालिकात, ब्रेंडन मॅके, ड्रॉर बार-नातान, माया बार-हिलेल आणि गिल कलाई यांनी. गोम आकडेमोडीत नव्हती, नावांच्या यादीत होती. जुन्या रब्बीला एक नाव थोडंच असतं! पाळण्यातलं नाव, पदवी, त्याच्या ग्रंथावरून पडलेलं नाव, आद्याक्षरांचं लघुरूप, शिवाय प्रत्येकाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी. आपल्याकडे ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, ज्ञानोबा, माउली यांतलं कोणतं नाव यादीत घ्यायचं हे आधी ठरलेलं नसलं तर निकाल हवा तिकडे झुकवता येतो. ते करून दाखवायला या चौघांनी तितकीच समर्थनीय अशी दुसरी यादी केली. ती ‘उत्पत्ती’त सपशेल पडली, पण टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’च्या हिब्रू भाषांतरात झकास चालली. रिप्स यांनी स्वतः ड्रॉस्निनच्या भविष्यांपासून १९९७ मध्येच हात झटकले होते. टीकाकारांना ‘मोबी डिक’मध्ये एखाद्या पंतप्रधानाच्या खुनाचा संदेश सापडला तर आपण मानू, असं आव्हान ड्रॉस्निनने दिलं होतं. मॅके यांनी त्या कादंबरीतून खून झालेल्या नेत्यांची रांगच काढून दाखवली; तीत इंदिरा गांधीही होत्या.

‘पण त्याने आधी सांगितलं होतं,’ हे मात्र लोकांच्या मनातून जात नाही. ड्रॉस्निनने खुनाच्या वर्षभर आधी इशारा पोचवला होता, हे खरं. पण पॅलेस्टिनींशी झालेल्या १९९३च्या ऑस्लो करारानंतर राबिन यांच्या जिवाला धोका आहे हे ओळखायला तोराची गरज नव्हती, त्या काळची वर्तमानपत्रं पुरेशी होती. अणुयुद्धाच्या शक्यतेसाठी त्याने २००६ हे सालही याच पद्धतीने काढलं होतं. त्या सालाची आठवण कोणी काढत नाही.

मला यापेक्षा मोठी अडचण दिसते ती पोथीची. राबिन यांच्या नावात हिब्रू अक्षरं आठ, म्हणजे ४,७७२च्या सात उड्या. ३३ हजारांहून अधिक अक्षरांच्या या पट्ट्यात मधलं एक अक्षर कमी-जास्त झालं की नाव मोडलं. तोराची नक्कल करणाऱ्या लेखकांनी अक्षरन् अक्षर मोजून जपलं, ही अद्भुत गोष्ट आहेच. तरीही येमेनी ज्यूंच्या तोरात आणि युरोपीय परंपरेच्या तोरात नऊ अक्षरांचा फरक आहे. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत १९४७पासून जी हस्तलिखितं मिळत गेली, त्यांत तर एकाच शब्दाची स्पेलिंगं वेगवेगळी. कुठे स्वरसूचक अक्षर घातलेलं, कुठे गाळलेलं. अर्थ तोच, उच्चार जवळपास तोच, अक्षरांची बेरीज वेगळी. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा जुन्या पुस्तकांतली हजारो टिंबं पुसली गेली आणि अर्थाला धक्काही लागला नाही. पाठभेद साचले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती ओव्यांचा अर्थ नीट लागावा म्हणून.

मग धर्मग्रंथांत संकेत नसतातच का? असतात, आणि हे कबूल केल्याशिवाय वाद प्रामाणिक होत नाही. यिर्मयाच्या पुस्तकात ‘शेशख’ नावाचा देश येतो, तो कुठल्याच नकाशावर नाही. हिब्रू वर्णमालेतल्या पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं, असं उलटवत गेलं की ‘शेशख’चं ‘बाबेल’ होतं. आता गंमत पाहा: ५१व्या अध्यायात ज्या वचनात शेशख आहे, त्याच वचनात बाबेल हे नावही उघड लिहिलंय. म्हणजे लपवायचं काहीच नव्हतं. शब्दाशी खेळ होता, आणि ऐकणाऱ्याला तो तिथल्या तिथे कळावा अशीच योजना होती. ११९व्या स्तोत्रात बावीस अक्षरांची बावीस कडवी, प्रत्येकात आठ वचनं, सगळी त्या-त्या अक्षराने सुरू होणारी. तीही कानाला आणि डोळ्याला सहज कळणारी. खरे संकेत असे उथळ पाण्यात असतात. त्यांना संगणक लागत नाही, भाषा यावी लागते. आपल्याकडचं उदाहरण महाभारताचं. गणपतीने लेखणी थांबवावी म्हणून व्यासांनी ८,८०० कूटश्लोक घातले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १,२५९ हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा ही कथाच मूळ संहितेत न बसता परिशिष्टात गेली. श्लोक अवघड आहेत, यात वाद नाही. ते मुद्दाम कुलूप घालून ठेवलेत, हे नंतरच्या कोणीतरी सांगितलं.

अवघडपणाचा स्वभाव कसा असतो याचा एक नमुना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. इस्राएली लोकांकडे लोहार नव्हते, म्हणून नांगराचे फाळ आणि कुऱ्हाडी पाजवायला त्यांना पलिष्ट्यांकडे जावं लागे, असं सांगताना ‘पीम’ हा शब्द येतो. अख्ख्या हिब्रू बायबलात तो तेवढा एकदाच. १६११च्या इंग्रजी भाषांतरकारांनी अंदाजाने तिथे कानस घातली. विसाव्या शतकात पॅलेस्टाइनच्या उत्खननांत ‘पीम’ कोरलेली दगडी वजनं निघाली, शेकेलच्या दोन-तृतीयांश भरणारी, साधारण पावणेआठ ग्रॅमची. तीनशे वर्षांचं गूढ म्हणजे धार लावायची मजुरी होती.

राबिनच्या नावाला छेदणारा शब्दही याच जातीचा. ‘र-स-ह’ या धातूचं हिब्रू क्रियापद दहा आज्ञांत येतं, तिथे त्याचा अर्थ खून. पण ‘गणना’ या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात हाच धातू खुन्याला देहदंड देण्यासाठी वापरलाय आणि आश्रयाच्या नगराकडे धावणाऱ्या माणसासाठीही हाच. कोर्टाच्या मराठीत ‘खून’ वेगळा आणि ‘सदोष मनुष्यवध’ वेगळा. या एका हिब्रू शब्दात दोन्ही आणि वर फाशीही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, १९२२ साली मृत्यूच्या तोंडावर सगळं बायबल सोप्या मराठीत उतरवून संपवणाऱ्या पंडिता रमाबाईंपुढे असे शब्द पानोपानी आले असणार. प्रत्येक ठिकाणी मागचं-पुढचं वाचून शब्द ठरवायचा, दुसरी वाट नाही. ड्रॉस्निनने ज्या पुस्तकातली ओळ उचलली त्याचं मराठी नाव ‘अनुवाद’ असावं, हा योगायोग मात्र खरा लोभस. संस्कृतात अनुवाद म्हणजे सांगितलेलं पुन्हा सांगणं, आणि मोशे त्या पुस्तकात नियम पुन्हा सांगतो. नकळत मारणारा कोण, हेही तो १९व्या अध्यायात पुन्हा सांगतो, तेही आडपडदा न ठेवता. एक माणूस शेजाऱ्याबरोबर रानात लाकडं तोडायला जातो. घाव घालताना कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटतं आणि शेजाऱ्याला लागतं. शेजारी मरतो. त्या माणसाने पळत सुटावं आणि नगर गाठावं.