दूध वासराचं, ताट आपलं

वसुबारसेला महाराष्ट्रातल्या अनेक घरांत गाईचं दूध, दही, तूप ताटात येत नाही. गाय-वासराची पूजा होते, उपास करणाऱ्या बाईच्या पुढ्यात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी असते, आणि त्या एका दिवसापुरतं तरी दूध वासराचं आहे हे सगळं घर मान्य करतं. दिवाळीतला हा मला सर्वांत शहाणा दिवस वाटतो. उरलेलं वर्षही याच पद्धतीनं जेवणाऱ्यांना व्हीगन म्हणतात. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली, तेव्हापासून हे नाव रुळलं. मांस, मासे, अंडी वर्ज्य तर आहेतच; शिवाय दूध, दुधाचे पदार्थ आणि मधही नाही.

मी गेली काही वर्षं असं जेवते. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मग बाहेर खाता काय?’ या लेखात त्याचंच सविस्तर उत्तर देते आहे. एक गोष्ट आधीच सांगते. महाराष्ट्रात आणि गोव्यात बिनदुधाचं उत्तम जेवण शोधायला महागड्या कॅफेत जावं लागत नाही. आपल्या स्वयंपाकाला स्निग्धपणा येतो तो शेंगदाणा-तीळ-करडईतून, नारळातून किंवा तुपा-लोण्यातून. जिथलं रांधणं पहिल्या दोहोंवर भागतं, त्या उपाहारगृहात, खानावळीत आणि बेकरीत आपलं ताट तयारच असतं.

पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे कामाचा नाही, कारण तो दुधालाही चालतो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि चौकोनात हिरवं ‘व्ही’ अक्षर व त्यावर पान अशी खूण ठरवली. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचीही कथा आहे. हा वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटला जाई. त्या पद्धतीवर प्राधिकरणानं २०१६ मध्ये बंदी आणली. पण हॉटेलातल्या बशीवर खूण नसते. तिथे विचारावंच लागतं, आणि कसं विचारतो यावर सगळं ठरतं. ‘हे व्हीगन आहे का?’ असं विचारलं की वाढपी अदबीनं ‘हो, प्युअर व्हेज आहे’ म्हणतो. त्यापेक्षा वस्तूचं नाव घ्यावं: फोडणी तेलाची की तुपाची? पिठात दही आहे का? वरून लोणी घालता का? दूध लपतं ते नेमकं अशाच जागी. उपम्याची फोडणी, साबुदाण्याच्या खिचडीतलं तूप, नानच्या पिठातलं दही, तव्यावर पाव भाजताना टाकलेलं लोणी. शक्य असेल तर हा प्रश्न थेट भटारखान्यातल्या माणसाला विचारावा, कारण हात त्याचा असतो.

मिसळीपासून सुरुवात करायला मला कायम आवडतं. मोडाची मटकी, कांदा-खोबऱ्याचं वाटण, तेलाची तर्री, फरसाण, कांदा, लिंबू. यात दुधाचा थेंब नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. दही येतं ते वेगळ्या वाटीत, तेव्हा ‘दही नको’ एवढं सांगितलं की झालं. पुण्यात नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ किंचित गोडसर, रश्श्यात पोहे-चिवडा मुरलेला. कर्वे रस्त्यावरच्या काटा किर्रला तिखटाची पायरी आपण निवडायची. फडके हौदाजवळचं वैद्य उपाहारगृह १९१२ पासूनचं, तिथला रस्सा लाल तर्रीपेक्षा सौम्य. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनात खरेदीच्या पिशव्या पायाशी ठेवून खाणारी माणसं पाहिली की कोणत्याही नव्या आहारपंथाची पाटी न लावता हे शहर किती सहज वनस्पतींवर जेवतं हे कळतं. ठाण्याची मामलेदार मिसळ तिखटासाठी प्रसिद्ध आहे आणि त्या कीर्तीला जागते. कोल्हापुरात फडतऱ्यांकडे किंवा बावड्याला मिसळीसोबत स्लाइस ब्रेड येतो. तिथे मात्र ब्रेडचं पाकीट बघायला मागावं, कारण कारखान्यातल्या स्लाइस ब्रेडमध्ये कधी कधी दूध पावडर असते. नाशकात मिसळीच्या ताटात पापड, दही आणि बऱ्याच ठिकाणी जिलबीही येते. जिलबीच्या पिठाला आंबवण्यासाठी दही घालतात आणि तळणी तुपाची असू शकते, म्हणून ती मी शेजाऱ्याच्या ताटात सरकवते.

दादरला एका संध्याकाळीही बरंच काही खाता येतं. मामा काण्यांचं उपाहारगृह १९१० पासूनचं. तिथला बटाटेवडा बेसन, बटाटा, आलं-मिरची आणि तेल एवढ्यावर उभा आहे. शिवसेना भवनाजवळच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला होता. मान शाकाहारी म्हणून मिळाला, पण पदार्थ व्हीगनही होता, हे कुणी मोठ्यानं सांगितलं नाही म्हणून मी सांगते. डाळिंबी उसळ, कोथिंबीर वडी, अळूवडी, कांदेपोहे ही अशा उपाहारगृहांतली आपली हक्काची माणसं. थालीपीठ मागवताना ‘लोणी नको, चटणी द्या’ म्हणावं. पियुष आणि खरवस यांच्या वाट्याला जाऊ नये. कोकम सरबत किंवा पन्हं मागवावं.

माटुंग्याला रामा नायकांची उडुपी खानावळ १९४२ पासून केळीच्या पानावर वाढते. सांबार, रसम, भाज्या, भात. बसल्या बसल्या तूप, दही आणि ताक नको असं सांगून टाकलं की पान निम्मं रिकामं वगैरे होत नाही. जवळच्या कॅफे मद्रासात इडली निःशंक खावी. डोशाला लोणी की तेल हे मात्र आधीच बोलून घ्यावं, आणि ओल्या नारळाच्या चटणीत दही मिसळलंय का तेही.

आता बेकरी. इथे लोक आधीच हार मानतात, कारण डोळ्यांसमोर केक, मावा केक आणि श्रूजबेरी येतात. श्रूजबेरी लोण्याची, मावा केक नावाप्रमाणेच खव्याचा. त्यांचा नाद सोडावा. पण बेकरीचा कणा पाव आहे, आणि साधा पाव मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडं तेल यांचा असतो. लादीपाव, कडक पाव, इराण्याकडचा ब्रून हे सगळे मुळात बिनदुधाचे. ब्रूनवर मस्का नको म्हटलं तर गल्ल्यावरचा माणूस क्षणभर बघतो, पण देतो. चकाकणारे गोल बन मात्र विचारून घ्यावेत. त्यांवर भट्टीत जाण्याआधी दूध किंवा अंडं फिरवलेलं असू शकतं.

खारी, टोस्ट आणि नानखटाईची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. साध्या बेकऱ्यांत त्यांना बहुधा वनस्पती तूप वापरतात. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला तो साजूक तुपाला स्वस्त पर्याय म्हणून, आणि गल्लीतल्या बेकरीनं तो उचलला. म्हणजे गरिबाची खारी नकळत व्हीगन झाली आणि ‘शुद्ध तुपातली’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानातली राहिली नाही. आरोग्याची काळजी इथे रास्त आहे, कारण वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असायचं. २०२२ च्या जानेवारीपासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची कायदेशीर मर्यादा २ टक्क्यांवर आली आहे. तरी मी खारी रोजची करत नाही. पावसाळ्यातली ती चैन आहे.

‘एगलेस’ या पाटीवर विसंबणं ही सर्वांत जास्त होणारी गफलत. आपल्याकडे अंड्याची जागा बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घेतं, त्यामुळे एगलेस केकमध्ये दूध उलट वाढतं. खरा बिनदुधाचा केक हवा असेल तर घरून केक करून देणाऱ्या बायकांकडे जावं. तेल, व्हिनेगर आणि सोड्यानं फुगवलेला चॉकलेट केक, जवसाची पूड भिजवून बांधलेले मफिन, काबुली चण्याच्या शिजवणाच्या पाण्याला फेटून केलेला हलका फेस, हे प्रकार आता अनेकींच्या हातात बसले आहेत. दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि पैसे थोडे जास्त पडतात, पण वाढदिवसाला त्याला पर्याय नाही.

मुंबईच्या पावाबद्दल एक काळजी मनात आहे. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २०२५ च्या जानेवारीत लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराच्या फुप्फुसांसाठी हे हवंच होतं. पण जुन्या विटांच्या भट्टीचा खर्च आणि नव्या यंत्राचा खर्च यांत फार मोठं अंतर आहे. पाव हे कष्टकऱ्यांचं अन्न आहे आणि तो छोट्या भट्ट्यांतूनच येतो. भट्टी बदलताना बेकरीवाल्याला आधार मिळाला पाहिजे.

गोव्यात पावाला वेगळीच प्रतिष्ठा आहे. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इथे पाव आला आणि सासष्टीतल्या माजोर्डा गावात तो पहिल्यांदा भाजला गेला, असं सांगतात. यीस्ट नव्हतं म्हणून माडाच्या सुरेनं पीठ फुगवायचे. आज सूर काढणारे रेंदेर कमी झाले, पोदेर म्हणजे पाव भाजणारे यीस्टकडे वळले, तरी पहाटे आणि संध्याकाळी सायकलीचा भोंगा वाजतोच. कोंड्यात घोळलेली, आतून पोकळ पोई; कडक कवचाचा उंडो; फुलपाखरासारखा कातरलेला कातऱ्याचा पाव; बांगडीसारखं कुरकुरीत कांकण. यांत दूध नाही, लोणी नाही. पणजीत कॅफे ताटो किंवा कॅफे भोसले यांच्याकडे पातळ भाजी आणि सुकी भाजी यांची मिश्र भाजी मागवून तिच्यात पाव बुडवावा. वाटाणा, नारळ, मसाला आणि वर लिंबू. सोबत मिरचीची भजी. गोड बन मात्र दह्यात मळलेले असतात, ते सोडावेत.

गोव्यात मासळी नसलेल्या जेवणाला शिवराक म्हणतात, आणि शिवराक ताट नारळानं इतकं भरलेलं असतं की तूप आठवतही नाही. अळसांद्याचं तोंडाक, तूरडाळ, भाज्या आणि तिरफळांचं खतखतें, देवळाच्या प्रसादाला असतं तसं. बेबिंका अंडी आणि तुपाचा, म्हणून वर्ज्य; पण दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गूळ तासन्‌तास घोटून होतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि पर्यटक बेबिंकाच उचलतात. माझ्या मते दोदोल दोघांत सरस आहे.

तीच गोष्ट तळकोकणाची. मालवणच्या खानावळीत मासे खाणाऱ्यांच्या पंगतीत बसून काळ्या वाटाण्याची उसळ, हंगामात ओल्या काजूची उसळ, घावन आणि सोलकढी असं जेवता येतं. सोलकढी नारळाच्या रसाची; तिला गुलाबी रंग देणाऱ्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाश्त्याला शिरवाळे मिळाले, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गुळाचा नारळरस, तर दुसरं काही मागू नये.

घाटावरचे ढाबे तुपा-बटरचे हे खरं, तरी कराड-इस्लामपूरकडचा अख्खा मसूर बटर वगळून मागवता येतो आणि चवीला तसूभर कमी होत नाही. जळगावकडे हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. त्या वांग्यालाही मानांकन आहे. नागपुरात सकाळी चण्याची तर्री घातलेले पोहे आणि दुपारी सावजी खानावळीत पाटवडी रस्सा. सावजी म्हटलं की सगळे मटणाबद्दल बोलतात, पण त्या मसाल्याची खरी परीक्षा बेसनाच्या वडीत होते, असं मला वाटतं.

मुंबई-पुण्यातल्या नव्या व्हीगन कॅफेंविषयी मी थोडक्यात लिहिते आहे याचा अर्थ त्यांना कमी लेखते असा नाही. काजूचं चीज, ओटच्या दुधाची कॉफी, नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम त्यांनीच इथे रुजवलं, आणि नव्यानं दूध सोडणाऱ्या तरुण मुलांना मित्रांबरोबर बसायला जागा दिली. पण ती उघडतात आणि बंद होतात, दर रोजच्या खिशाला परवडत नाहीत. आठवड्याची गरज मिसळ, इडली आणि भाकरीच भागवते.

सर्वांत अवघड पदार्थ चहा आहे. टपरीवर दूध-साखर आधीच एकत्र उकळत असतं. कोरा चहा, लिंबू, गवती चहा मागितला तर बहुतेक चहावाले वेगळं पातेलं ठेवतात. उन्हाळ्यात रसवंती आणि सकाळी नीरा केंद्र हे दोन चांगले पर्याय आहेत.

आणि फराळ. पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, तेलाच्या मोहनाची चकली, बाकरवडी यांना मुळात दूध-तूप लागत नाही. लाडू, शंकरपाळे आणि करंजी यांची ऑर्डर मात्र वेगळी द्यावी लागते: करंजीला तेलाचं मोहन, पारीला दुधाऐवजी पाणी किंवा नारळाचं दूध, सारणाला सुकं खोबरं आणि खसखस, शंकरपाळ्याला साखरेचं पाणी आणि तेल, लाडू तीळ-गुळाचे किंवा शेंगदाण्याचे. अनारसे तांदूळ, गूळ आणि खसखशीचे, फक्त पिठात दही न घालता आणि तुपाऐवजी तेलात तळून. फराळ करून देणाऱ्या काकूंना हे दिवाळीच्या निदान पंधरा दिवस आधी, मोहनाचा हिशेब होण्यापूर्वी सांगावं, आणि तळण सकाळच्या पहिल्या घाण्यात करून घ्यावं. एकदा कढईत तूप चढलं की त्या दिवशी कढई बदलत नाही.