जुन्या गाडीचे ऑइल : घट्ट किती, बदलायचे केव्हा?



पाण्याची पाळी पंचांगावरून नव्हे, जमिनीवरून ठरवा, असे आम्ही बांधावर नेहमी सांगतो. हीच गोष्ट स्वतःच्या जीपच्या बाबतीत विसरलो आणि किंमत मोजली. म्हणून हा लेख.

आपल्यापैकी पुष्कळजण उसाबरोबर भातही करतात. मे महिन्यात बोरघाट उतरायचा, खालापूर तालुक्यातल्या खोपोलीवरून कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडे जायचे आणि बियाण्याची पोती भरून परतायचे. आम्हीही तसेच गेलो. येताना खोपोली ते खंडाळा सुमारे साडेपाचशे मीटरचा चढ, डोक्यावर ऊन, मागे ओझे. वर पोचून गाडी उभी केली तर ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. डिपस्टिक काढली, तर टोकाला नुसता ओलावा! ऑइल बदलून अकरा महिने झाले होते. "तीन हजारच किलोमीटर झालेत, घाई काय?" असे आम्हीच म्हणत होतो, मधे पातळीही पाहिली नाही. बेअरिंग गेली, क्रँक घासून घ्यावा लागला. ऐन आडसाली लागणीच्या तोंडावर बेणेमळ्यांच्या फेऱ्या महिनाभर उसन्या मोटारसायकलवर केल्या.

आता डब्यावरचे आकडे. '२०डब्ल्यू-४०' यात पहिला आकडा थंडीत इंजिन सुरू होतानाचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला तापलेल्या ऑइलच्या घट्टपणाचा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे जुन्या इंजिनांना १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० बहुधा मानवते. तरी आधी गाडीचे पुस्तक पाहावे. पुस्तकात मुभा असेल, तरच उन्हाळ्यात ओझ्यासह घाट चढण्यासाठी '५०' घालावे. पुस्तकात ५डब्ल्यू-३० सांगितले असेल, तर मनाने घट्ट ऑइल घालू नये. ते वरच्या भागांना उशिरा पोचते. डिझेल गाडीला 'सी' वर्गाचे, पेट्रोलला 'एस' वर्गाचे, हेही डब्यावर वाचावे.

"निळा धूर येतो ना, मग जाड ऑइल टाका," असा सल्ला हमखास मिळतो. धूर चार दिवस दबेल, पण झिजलेल्या रिंगा भरून येत नाहीत. मुळाला हुमणी लागलेल्या उसाला युरिया टाकण्यातलाच हा प्रकार.

बदलण्याची पाळी पुस्तकाप्रमाणे. साधे खनिज ऑइल असलेल्या जुन्या गाडीला ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते धरावे. गाडी कमी चालते म्हणून ऑइल टिकते, असे नाही. गाव ते शेत एवढ्याच फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. ओल आणि कच्चे इंधन ऑइलमध्येच राहते. घाटाखाली वर्षाला ३,००० मिलीमीटरवर पाऊस पडतो, तिथे तर जास्तच जपावे. ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा.

दर बाजारच्या दिवशी गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वर भरणेही वाईटच. डिझेलचे ऑइल लवकर काळे होते, त्याला घाबरू नये. मात्र ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर पाणी शिरले समजा आणि गाडी चालवू नका.

काढलेले ऑइल पाटात, विहिरीकाठी ओतू नये. जळके ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे गॅरेजमार्फत द्यावे.

शेवटी एवढेच. तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवा. आमच्या जीपला आता ती आहे. आधी असती, तर क्रँक वाचला असता.

— ऊस विकास अधिकारी