लस व लसीकरण

लस व लसीकरण : विशिष्ट रोगाविरुद्ध शरीरात प्रतिकारक्षमता निर्माण व्हावी म्हणून जे द्रव्य टोचून किंवा तोंडावाटे दिले जाते, त्यास ‘लस’ आणि ते देण्याच्या क्रियेस ‘लसीकरण’ म्हणतात. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये एका गवळणीच्या हातावर गायीपासून उठलेल्या फोडातील द्रव आठ वर्षांच्या मुलास टोचला व त्यायोगे देवी रोगापासून संरक्षण मिळते, असे दाखविले. भारतात ही लस प्रथम १८०२ मध्ये मुंबईत टोचण्यात आली.

क्रिया : रोगजंतूंच्या ज्या घटकांना शरीर परके म्हणून ओळखते, त्यांना प्रतिजन म्हणतात. लसीतून प्रतिजन मिळाल्यावर त्याच्याशी जुळणाऱ्या लसीका कोशिकांची संख्या वाढते. त्यांपैकी काही प्रतिपिंडे तयार करतात, तर काही जंतुबाधित कोशिकांचा नाश करतात. हा पहिला प्रतिसाद मंद असतो. परंतु काही कोशिका ‘स्मृतिकोशिका’ म्हणून दीर्घकाळ टिकतात. पुढे खरा रोगजंतू शरीरात शिरल्यास त्यांच्यामुळे प्रतिसाद त्वरित व जोमदार होतो.

लसींचे प्रकार : (१) सजीव, पण क्षीण केलेल्या जंतूंच्या लसी : उदा., गोवर, क्षयरोग (बीसीजी). हे जंतू शरीरात मर्यादित प्रमाणात वाढतात, म्हणून प्रतिसाद जोमदार असतो. मात्र गर्भवती व प्रतिकारक्षमता क्षीण झालेल्या व्यक्तींना त्या सामान्यतः देत नाहीत. (२) मृत किंवा निष्क्रिय केलेल्या जंतूंच्या लसी : उदा., टोचावयाची पोलिओची लस. यांच्या एकाहून अधिक मात्रा द्याव्या लागतात. हाफकिन यांनी मुंबईतील साथीच्या वेळी तयार करून १८९७ मध्ये प्रथम स्वतःस टोचून घेतलेली प्लेगची लस याच प्रकारची होती. (३) विषाभ : घटसर्प व धनुर्वात या रोगांत जंतूंचे विष घातक असते, ते निर्विष करून लस म्हणून वापरतात. (४) जंतूंच्या घटकांच्या लसी : उदा., यीस्टच्या साहाय्याने बनविलेली यकृतशोथ-बी या रोगाची लस. (५) संदेशक आरएनए लसी : यांत प्रतिजन न देता तो तयार करण्याची सूचना कोशिकांना दिली जाते. कोविड-१९ विरुद्ध त्या २०२० पासून वापरात आल्या.

सक्रिय व निष्क्रिय प्रतिरक्षा : लसीमुळे शरीर स्वतः प्रतिकारक्षमता मिळविते, ही सक्रिय प्रतिरक्षा होय. तयार प्रतिपिंडे टोचल्यास संरक्षण तात्काळ मिळते, पण ते अल्पकाळच टिकते; ही निष्क्रिय प्रतिरक्षा होय. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा खोल असल्यास दोन्ही उपाय एकदम योजतात. कारण लसीचा परिणाम दिसेपर्यंतचा धोक्याचा काळ प्रतिपिंडांनी निभावून न्यावयाचा असतो.

सामूहिक संरक्षण : माणसाकडून माणसाकडे पसरणाऱ्या रोगांत बहुसंख्यांचे लसीकरण झाल्यास संसर्गाची साखळी तुटते व लस न घेता येणाऱ्या अर्भकांनाही संरक्षण लाभते. देवीच्या व्हायरसाला माणसाखेरीज अन्य आश्रय नव्हता. म्हणूनच त्या रोगाचे निर्मूलन शक्य झाले व जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये तसे जाहीर केले. धनुर्वाताचे बीजाणू मात्र जमिनीत टिकून राहतात आणि तो रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे इतरांनी घेतलेल्या लसीचा तेथे उपयोग नसतो. प्रत्येकाने स्वतःच लस घेणे आवश्यक ठरते.