कोणते जंत?

शेळी म्हणजे गरिबाची गाय. आमच्या अम्मीच्याही दोन शेळ्या होत्या. पावसाळ्यात एखादी मलूल व्हायची, पापणीच्या आतली लाली जायची, जबड्याखाली पाणी भरून सूज लोंबायची. घरात एकच वाक्य ठरलेलं, ‘जंत झालेत, औषध पाजा.’ कोणते जंत, हे कुणी विचारलं नाही.

तेच विचारायला हवं, मंडळी. सूक्ष्मदर्शकाखाली लेंडीत अंडी दिसतात. पण शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातल्या बऱ्याच जंतांची अंडी जवळजवळ सारखीच. त्यांतला हिमाँकस रक्त पितो. एका जंतापायी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त जातं. हजार जंत असले तर ५० मिलिलिटर!

अंडं ओळख देत नाही, म्हणून प्रयोगशाळेत ते उबवून अळी वाढवतात. लेंड्या जमिनीवरून उचलत नाहीत, थेट गुदद्वारातून काढतात. नाहीतर मातीतल्या निरुपद्रवी अळ्या मिसळून निदान चुकतं. नमुना फ्रिजमध्येही ठेवत नाहीत, कारण हिमाँकसच्या अंड्यांना थंडी सोसत नाही. लेंड्या कुस्करून, किंचित ओलावून बरणीत सैलसर भरतात आणि सुमारे २७ अंश सेल्सिअसला ७ ते १० दिवस ठेवतात. रोज थोडी हवा द्यायची, वाळल्या तर पाणी शिंपडायचं. चिखल झाला तर अळ्या गुदमरतात, कोरडं पडलं तर सुकतात.

मग बरणी कोमट पाण्यानं काठोकाठ भरून काचेच्या बशीत पालथी घालतात आणि बशीत थोडं पाणी ओततात. काही तासांत अळ्या आपणहून बशीत उतरतात. आयोडीनच्या थेंबानं त्यांची वळवळ थांबते आणि ओळखपरेड सुरू होते. खूण असते शेपटीपुढे आलेल्या आवरणाच्या टोकात. ट्रायकोस्ट्राँगायलसचं टोक आखूड, हिमाँकसचं मध्यम आणि बहुधा किंचित वाकडं, इसोफॅगोस्टोममचं चाबकाच्या दोरीसारखं लांब. शंभर अळ्या तपासल्या की कोणाचा वाटा किती, ते कळतं.

औषधानंतर १० ते १४ दिवसांनी अंडी पुन्हा मोजतात, अळ्याही पुन्हा वाढवतात. अंडी फारशी घटली नाहीत आणि अळ्या हिमाँकसच्याच निघाल्या, तर तो त्या औषधाला दाद देत नाही, असं समजावं. मग तेच औषध पुन्हा पाजणं म्हणजे पैसा जातो आणि शेळीही जाते.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात नुसतं औषध मागू नका. ताज्या लेंड्या तपासायला द्या आणि विचारा, ‘डॉक्टर, कोणते जंत?’