तंजावरचे केसपेपर आणि त्यापुढची वाट

तंजावरला जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराच्या आवारातला भोसल्यांचा मराठी शिलालेख शोधतो आणि मग सरस्वती महाल ग्रंथालयाकडे वळतो. पोथ्या, मोडी दप्तरे, नकाशे असे बरेच काही तिथे आहे. त्यातच सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे डोळ्यांच्या रोग्यांचे केसपेपरही आहेत. ते इंग्रजीत आहेत आणि ते लिहवून घेणारा राजा मराठी होता.

दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि वर्षाची नेमणूक. लढाया संपल्या होत्या, वसुलीचीही कटकट नव्हती. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या या राजाने आपला वेळ आणि पैसा ग्रंथ, छापखाना, शाळा आणि वैद्यक यांत घातला. धन्वंतरी महाल ही त्यांनी उभारलेली वैद्यकाची संस्था. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे वैद्य तिथे एका छपराखाली काम करत. माणसांसाठी औषधे बनत, तशी जनावरांसाठीही. गुण आलेली औषधे लिहून काढली जात आणि वनस्पतींची रंगीत चित्रे काढली जात. राजांच्या नावाने तमिळमध्ये वैद्यकाचे ग्रंथ झाले, त्यातला एक खास नेत्ररोगांवर आहे.

डोळ्यांच्या कामासाठी मॅकबीन नावाचे इंग्रज डॉक्टर पदरी होते आणि इंग्रजी जाणणारे देशी वैद्य त्यांच्या मदतीला असत. खुद्द सरफोजीराजे शस्त्रक्रियेची पेटी बरोबर बाळगत आणि मोतीबिंदू काढत, असे सांगितले जाते. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे डॉ. एस. एस. बद्रीनाथ आणि भोसले घराण्यातले बाबाजीराजे यांच्या भेटीत या कागदांचा विषय निघाला आणि नेत्रतज्ज्ञांचे लक्ष तिकडे गेले.

त्या काळी मोतीबिंदूवर सुई चालवणे म्हणजे काय, हे आज नीट ध्यानात येत नाही. ईथरने भूल द्यायला १८४६ साल उजाडायचे होते. सुश्रुतापासून चालत आलेली रीत अशी: रोग्याला उजेडाकडे तोंड करून बसवायचे, मागून एकाने डोके घट्ट धरायचे, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुई आत घालायची आणि गढूळ झालेले भिंग नजरेच्या वाटेतून खाली लोटायचे. भिंग बाहेर काढण्याची नवी पद्धत फ्रान्सच्या दाव्हिएलने अठराव्या शतकाच्या मध्यावर आणली होती. कोणतीही पद्धत घेतली, तरी डोळा पिकण्याची धास्ती असे. सगळे सुरळीत झाले तरी भिंगाविना डोळ्याला जाड चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणूनच या केसपेपरांचे मोल मोठे आहे. रोगी कोण, तक्रार काय, उपाय कोणता केला, हे लिहून ठेवले की पुढचा वैद्य मागच्याच्या खांद्यावर उभा राहतो.

पण ज्याची नजर परत आलीच नाही, त्याने घरी जाऊन काय करायचे? त्याच सुमारास व्हिएन्नात योहान विल्हेल्म क्लाइन या प्रश्नाच्या मागे लागले होते. त्यांनी १८०४ मध्ये अंधांसाठी शाळा काढली आणि १८१९ च्या आपल्या पुस्तकात कुत्र्याला वाटाड्या कसे करावे, हे मांडले. कुत्र्याच्या पट्ट्याला दोरी न बांधता ताठ दांडा जोडावा, ही त्यातली कल्पना. दोरी सैल पडते, दांडा पडत नाही. कुत्रा थबकला, वळला की ते त्याच क्षणी हाताला कळते.

ही कल्पना शंभर वर्षे पुस्तकातच राहिली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्गला शाळा निघाली. अमेरिकेत १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ सुरू झाली. तिथले शिक्षण साधारण असे चालते. पिल्लू दोन महिन्यांचे झाले की एखाद्या घरी वाढायला देतात. वर्षभराने ते शाळेत येते, काही महिने प्रशिक्षकाबरोबर काढते आणि मग अंध मालकाबरोबर काही आठवडे दोघांचा एकत्र सराव होतो. बाजारात कुठून जायचे हे कुत्र्याला ठाऊक नसते. डावे, उजवे माणूस सांगतो. कुत्रा पायरी, खड्डा, फुटपाथची कड आली की थांबतो. स्वतः खालून सहज निघून जाईल अशी, पण मालकाच्या कपाळाला लागेल अशी फांदीही त्याला टाळावी लागते. सगळ्यात अवघड धडा हुकूम मोडण्याचा. मालक ‘चल’ म्हणतो, समोरून गाडी येत असते, आणि कुत्र्याने जागचे हलायचे नसते. आज्ञाधारक कुत्रा तयार करणे त्या मानाने सोपे; आज्ञा केव्हा मोडायची हे कळणाऱ्या कुत्र्याला खरी किंमत.

तमिळनाडूत पहिल्या वाटेचा, म्हणजे डोळे बरे करण्याच्या वाटेचा, हमरस्ता झाला. मदुराईत १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामींनी अकरा खाटांवर सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय आज जगातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत गणले जाते. दुसरी, नजरेविना चालण्याची वाट मात्र आपल्याकडे पायवाटच राहिली. फुटपाथवर दुचाकी, कडेला उघडे गटार, कोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी. जिथे फुटपाथला धड कडच नाही, तिथे कडेशी थांबायला शिकलेला कुत्रा कुठे थांबणार? पांढरी काठी घेऊन निघालेल्या माणसाचीही तीच अडचण आहे.

धन्वंतरी महालाचा धडा नोंदीचा होता: माणूस समोर आला की त्याचे दुखणे टिपायचे आणि उपाय काय केला तेही. नेत्र रुग्णालये हे आजही करतात. नगरपालिकांनी रस्त्यांचे तसे केसपेपर काढले, कुठे कड तुटली, कुठे झाकण नाही, कुठे खांब वाटेत आहे हे एखाद्या अंध माणसाला बरोबर घेऊन लिहिले, तर दुसऱ्या वाटेचीही डागडुजी सुरू होईल.