लाल पाणी कसे निवळेल?

काचेच्या उंच बरणीत पाणी घ्या. त्यात मूठभर तांबडी माती टाकून ढवळा आणि बरणी स्थिर ठेवा. रेती पाहता पाहता तळाशी बसेल. वरचे पाणी मात्र कित्येक तास गढूळच राहील. असे का?

पाण्यात खाली जाणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मि.मी. व्यासाचा रेतीचा कण १० सें.मी. अंतर १५ सेकंदांच्या आत उतरतो. ०.००२ मि.मी. व्यासाचा चिकणमातीचा कण ५० पट बारीक, म्हणून सुमारे २५०० पट मंद! त्याला तेवढ्याच अंतरासाठी जवळजवळ ८ तास लागतात. तेही पाणी अगदी संथ असेल तर.

आता गोव्याकडे वळू. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या उघड्या खाणी आहेत. एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड काढावे लागतात. त्यांचे डोंगरासारखे ढीग रचले जातात. वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात सैल माती ओढ्यांतून मांडवी-जुवारीच्या खोऱ्यांत वाहत जाते. भातशेतीवर गाळ बसतो, माशांच्या कल्ल्यांत माती अडकते, नदीचे पात्र उथळ होते. मांडवीची उपनदी खांडेपार हिच्यावर तर ओपा येथील पिण्याच्या पाण्याचे केंद्र आहे.

यावर उपाय काय? खाणीतले पाणी नदीत सोडण्यापूर्वी निवळण-तळ्यांत थांबवतात. पण मुसळधार पावसात पाणी तळ्यातून झपाट्याने पुढे सरकते. बारीक कणांना तळ गाठायला वेळच मिळत नाही. तळे गाळाने भरलेले असेल तर हा वेळ आणखी कमी होतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी तळी उपसावी लागतात. त्याहून उत्तम म्हणजे माती ढिगावरच रोखणे: पायथ्याशी दगडी बांध, भोवती चर, उतारावर पायऱ्या आणि त्यांवर गवत व झाडे.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. २०१४ च्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि खाणपट्ट्याबाहेर माती टाकण्यास मनाई केली. २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. २०२२ पासून नव्याने लिलाव सुरू झाले.

खाण बंद पडली तरी ढीग तेथेच राहतात, आणि पाऊस दरवर्षी येतो. म्हणून ढिगाची राखण हे खनिज संपल्यावरही उरणारे काम आहे. नदीत उतरलेला कण परत वेचता येत नाही, हे तुमची बरणीच सांगेल.