पाहुणचार आणि प्रवाशाची निष्ठा: डेक्कन ओडिसीच्या निमित्ताने

समुद्रावरील क्रूझ आणि रुळांवरील आलिशान पर्यटक गाडी यांचे स्वरूप मुळात एकच आहे. निवास, भोजन, करमणूक आणि वाहतूक या चारही गोष्टी एकाच चालत्या वास्तूत एकवटलेल्या असतात, प्रवासी कित्येक दिवस तिच्यातच राहतो आणि दिवसभर नवनवी ठिकाणे पाहून रात्री पुन्हा आपल्याच खोलीत परततो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने भारतीय रेल्वेच्या सहकार्याने २००४ मध्ये सुरू केलेली ‘डेक्कन ओडिसी’ ही अशीच गाडी असून वेरूळ आणि अजिंठा यांच्यामुळे छत्रपती संभाजीनगर हे तिच्या महाराष्ट्रातील प्रवासाचे एक मुख्य स्थानक राहिले आहे. अशा प्रवासाला एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा का येतो, किंवा स्वतः न येता आपल्या आप्तमित्रांना का पाठवतो, हा प्रश्न गाडी चालवणाऱ्यांना जितका महत्त्वाचा आहे तितकाच तो जिथे ही गाडी थांबते त्या शहरालाही महत्त्वाचा आहे. मात्र त्याच्या या दुसऱ्या अंगाकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

ग्राहकाची निष्ठा म्हणजे केवळ पुन्हा केलेली खरेदी नव्हे, हे व्यवस्थापनशास्त्राने बऱ्याच काळापूर्वी मान्य केले आहे. अमेरिकी अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९९९ मध्ये निष्ठेच्या चार पायऱ्या सांगितल्या. ही सेवा इतरांपेक्षा चांगली आहे अशी आधी बुद्धीची खात्री पटते, मग तिच्याविषयी जिव्हाळा वाटू लागतो, त्यातून पुन्हा तिच्याकडेच जाण्याचा निश्चय होतो आणि शेवटी अडचणी आल्या तरी तो निश्चय कृतीत उतरतो. स्वस्त दर किंवा भेटवस्तू माणसाला पहिल्या पायरीवर आणू शकतात. दुसऱ्या पायरीवर तो कोणा माणसाच्या वागणुकीमुळे चढतो. डेक्कन ओडिसीसारख्या गाडीचे भाडे इतके मोठे असते की बहुतेक प्रवासी हा प्रवास आयुष्यात एकदाच करतात, त्यामुळे येथे निष्ठेचे मुख्य रूप शिफारशीचे असते. घरी परतलेला पाहुणा जेवणाच्या टेबलावर या प्रवासाबद्दल काय सांगतो, यावर पुढच्या हंगामाची आरक्षणे बऱ्याच अंशी ठरतात.

या गाडीची कल्पना राजस्थानात १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘पॅलेस ऑन व्हील्स’वरून घेतलेली आहे. डेक्कन ओडिसीच्या डब्यांत निजण्याच्या सुसज्ज खोल्या, भोजनाचे डबे, मद्यालय, अंगमर्दनाची सोय आणि बैठकीची जागा आहे. प्रवाशांची संख्या शंभराच्याही आत असते आणि त्यांच्या दिमतीला प्रत्येक डब्यात स्वतंत्र सेवक असतो. पाहुण्यांचे स्वागत कुंकुमतिलक लावून, हार घालून होते. नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा आणि कोकण यांना जोडणारी तिची आठवडाभराची फेरी मुंबईतून निघून मुंबईतच संपते. जहाजाशी तुलना करता गाडीतील प्रवाशांची संख्या फारच लहान आहे, कारण जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर सुमारे साडेसात हजार प्रवासी राहू शकतात. मात्र या छोट्या आकारातच गाडीचे बळ आहे: शंभराहून कमी पाहुण्यांची नावे, त्यांच्या खाण्यापिण्याच्या सवयी आणि गुडघेदुखीसारख्या तक्रारी दोन दिवसांत सेवकांच्या लक्षात राहू शकतात, आणि हजारोंच्या जहाजावर हेच साधण्यासाठी संगणकाची मदत घ्यावी लागते.

जहाज कंपन्यांनी निष्ठा वाढवण्यासाठी जो मार्ग सर्वाधिक वापरला तो श्रेणीबद्ध सवलतींचा. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’त जहाजावर काढलेल्या प्रत्येक रात्रीसाठी साधारणतः एक गुण मिळतो, गोल्ड, प्लॅटिनम, एमराल्ड, डायमंड, डायमंड प्लस अशा पायऱ्या चढत प्रवासी ७०० गुणांवर सर्वोच्च ‘पिनॅकल’ श्रेणीत पोहोचतो, आणि श्रेणीगणिक मोफत पेये, जहाजावर आधी चढण्याची मुभा, भाड्यात सूट असे लाभ वाढत जातात. ही पद्धत प्रभावी आहे हे नाकारता येत नाही. दुसऱ्या कंपनीकडे गेल्यास साठवलेले सगळे गुण मागे राहणार, या विचाराने अनेक प्रवासी त्याच कंपनीकडे पुन्हा पुन्हा येतात. तथापि अशा बांधिलकीला अभ्यासक हिशेबी निष्ठा म्हणतात, कारण हिशेब बदलला की तीही डळमळते. कार्निव्हल कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले की जून २०२६ पासून प्रवाशाची श्रेणी त्याने समुद्रावर काढलेल्या दिवसांऐवजी त्याने केलेल्या खर्चावर ठरेल, तेव्हा वर्षानुवर्षे त्या जहाजांवर येणाऱ्या जुन्या प्रवाशांनीच सर्वाधिक नाराजी व्यक्त केली. ज्यांना आपण घरचे आहोत असे वाटत होते त्यांना आपण केवळ खातेदार होतो हे कळले, आणि ही जखम सवलतीच्या आणखी एका कुपनाने भरून येणारी नसते.

भेटवस्तूंच्या मर्यादेचे एक जुने उदाहरण भारताच्याच जलवाहतुकीच्या इतिहासात आहे. व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरीन–कोलंबो मार्गावर स्वदेशी बोट कंपनी सुरू केली, तेव्हा प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीने भाडे सतत उतरवत नेले, आणि शेवटी तर फुकट प्रवासासोबत छत्रीही देऊ केल्याचे सांगितले जाते. तरीही स्वदेशी बोटीला प्रवासी मिळत राहिले. ती कंपनी बुडाली ती १९०८ मध्ये पिल्लै यांना झालेल्या अटकेनंतर, राजसत्तेच्या दडपणाने आणि भांडवलाच्या अभावाने. प्रवाशाला बोटीविषयी आपलेपणा वाटत असेल तर मोफत छत्री त्याला दूर नेऊ शकत नाही, हे या प्रसंगातून दिसते, आणि आजच्या सवलतींच्या युगात ते विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सवलतींचा दुसरा दोष असा की त्या लवकर जुन्या होतात. जपानी अभ्यासक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार सेवेच्या गुणांचे मुख्यतः तीन प्रकार पडतात: काही गुण नसले तर राग येतो पण असले तरी कौतुक होत नाही, काही गुण जितके वाढतील तितके समाधान वाढते, आणि काही गुण अनपेक्षित असल्यामुळे आनंद देतात. स्वच्छ चादर पहिल्या प्रकारात मोडते, भोजनाची चव दुसऱ्या आणि प्रवाशाच्या लग्नाच्या वाढदिवशी न सांगता आलेला केक तिसऱ्या प्रकारात. काळाच्या ओघात तिसऱ्या प्रकारातील गोष्टी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातील पहिल्यात घसरतात. एकेकाळी चालत्या गाडीत वातानुकूलन आणि खोलीला लागून न्हाणीघर हेच अपूर्वाईचे होते. आज इंटरनेटचा वेग मंदावला तरी तक्रार होते. त्यामुळे केवळ सोयींच्या स्पर्धेत उतरलेला चालक दरवर्षी अधिक खर्च करूनही जागच्या जागी राहतो. याउलट परशुरामन, झीथमल आणि बेरी या संशोधकांनी १९८० च्या दशकात सेवेच्या गुणवत्तेच्या ज्या पाच कसोट्या ठरवल्या, त्यांत ग्राहकांच्या लेखी सर्वांत वजनदार ठरली ती विश्वासार्हता, म्हणजे दिलेला शब्द ठरल्या वेळी पाळणे. गाडीच्या बाबतीत याचा अर्थ अगदी साधा आहे: ज्या वेळी वेरूळला पोहोचवू असे सांगितले त्या वेळी पोहोचवणे.

करमणुकीच्या बाबतीत मात्र जहाज आणि गाडी यांच्या वाटा वेगळ्या होतात. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कार्निव्हलने आपल्या जहाजांची ‘फन शिप’ म्हणून जाहिरात केली, आणि तेव्हापासून नाट्यगृह, जलतरण तलाव, नाचगाणी, खेळ यांमुळे जहाज हेच गंतव्यस्थान बनत गेले. बंदर लागले तरी न उतरणारे प्रवासी असतात. गाडीच्या अरुंद डब्यात असे काही उभारणे शक्य नाही. लोककलांचा छोटा कार्यक्रम, वाद्यसंगीत, गप्पा आणि खिडकीबाहेरचा मुलूख एवढेच तिच्याजवळ असते. म्हणून गाडीची खरी रंगभूमी गाडीबाहेर आहे, आणि महाराष्ट्राच्या फेरीत तिचा उत्कर्षबिंदू संभाजीनगरच्या परिसरात येतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे, आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे पाहून स्तब्ध झालेला प्रवासी आपल्या आठवणीत डब्यातील गालिचा आणि ते लेणे यांचा वेगळा हिशेब ठेवत नाही. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की माणूस एखादा अनुभव आठवताना त्यातील सर्वांत उत्कट क्षण आणि शेवट यांना अधिक महत्त्व देतो. तो उत्कट क्षण जर कैलासासमोर घडत असेल, तर त्या क्षणाची राखण करणे हे गाडीच्या सेवेचेच काम ठरते.

हे काम किती नाजूक आहे याची कल्पना स्थानिकांना असते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, त्यामुळे गाडी काही तास रखडून वार उलटला तर सगळा बेत कोसळतो. शहरापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर आहे, अजिंठा शंभराच्या आसपास, आणि अजिंठ्याकडे जाणाऱ्या बाहेरच्या वाहनांना फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबून शेवटचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. लेण्यांतील चित्रे जपण्यासाठी हे बंधन अत्यंत योग्य आहे. परंतु त्याचे कारण आधी नीट सांगितले तर परदेशी पाहुणा ते आदराने स्वीकारतो, आणि न सांगितले तर त्याच थांब्याला गैरसोय समजतो. पायऱ्या चढवत नसतील तर डोलीची सोय, उन्हाच्या तडाख्यात पाणी, स्वच्छ प्रसाधनगृह, आणि चित्रांतील जातककथा घाई न करता उलगडून सांगणारा वाटाड्या, या गोष्टींची कोणत्याही पंचतारांकित सोयीशी अदलाबदल करता येत नाही.

शहराची स्वतःची संपत्ती या सेवेत पुरेशी वापरली जात नाही, हे खेदाने नोंदवावे लागते. रेशीम आणि सूत यांच्या विणीतून होणारे हिमरू, चांदीच्या तारांची काळसर बिदरी, शेजारच्या पैठणची पैठणी, पाणचक्कीचे जलतंत्र, बीबी का मकबरा आणि नान खलियासारखा या शहराची ओळख असलेला पदार्थ, हे सारे येथे आहे. पाहुण्याला मात्र बहुधा दुकानातील तयार माल दाखवून परत नेले जाते. मागावर बसलेल्या विणकराशी अर्धा तास झालेले बोलणे हे कानोंच्या भाषेत अनपेक्षित आनंद देणाऱ्या प्रकारात मोडते, आणि त्याचा खर्च जहाजावरील एका मोफत पेयाहून फार नसावा.

हा आनंद देणारी माणसे मात्र आपोआप तयार होत नाहीत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली: सेवाव्यवसायातील कर्मचाऱ्याला शरीराने राबावे लागतेच, शिवाय थकवा आणि संताप आवरून प्रसन्न चेहरा ठेवणे हाही त्याच्या कामाचाच भाग असतो. जहाजावरचे कर्मचारी महिनोन्महिने घरापासून दूर, साप्ताहिक सुट्टीशिवाय काम करतात. गोव्यातील कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे सोसले आहे. गाडीतील सेवकही पाहुणा झोपल्यानंतर झोपतो आणि तो उठण्यापूर्वी उठतो. प्रवाशाच्या निष्ठेचा पाया या माणसांच्या खांद्यावर असताना त्यांच्या विश्रांतीचा आणि वेतनाचा विचार शेवटी होणे अन्यायकारक तर आहेच, शिवाय व्यवसायाच्या दृष्टीनेही घातक आहे. चूक झाल्यावर ती तत्परतेने सुधारली तर पाहुण्याचा विश्वास कधी कधी आधीपेक्षाही वाढतो, असे सेवाविषयक संशोधन सांगते. पण दमलेल्या आणि अधिकार नसलेल्या सेवकाला ती सुधारता येत नाही. संभाजीनगरात १९८९ पासून ताज समूहाच्या सहकार्याने उभी राहिलेली हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे, तिचे पदवीधर देशविदेशांतील हॉटेलांत पोहोचले आहेत, आणि आपल्याच गावच्या स्थानकावर येणाऱ्या गाडीसाठी त्यांचा अधिक पद्धतशीर उपयोग होऊ शकतो.

निष्ठेला सातत्याची गरज असते आणि भारतात नेमके तेच दुर्मीळ आहे. मुंबईहून २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ जहाज वर्षभरातच थांबले आणि अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेले. २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसने नव्याने सुरुवात केली. डेक्कन ओडिसीही २०२० मध्ये महामारीमुळे बंद पडली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा धावू लागली. चालक बदलतात, कर्मचारी पांगतात, जुन्या पाहुण्यांच्या नोंदी हरवतात, आणि परतून आलेल्या माणसाला ओळखणारे कोणी उरत नाही. या सगळ्या उलथापालथीत जागचे न हललेले एकच अंग आहे, ते म्हणजे मुक्कामाचे शहर. म्हणून पर्यटन महामंडळाने संभाजीनगरचे वाटाडे, विणकर, बसचालक आणि खानसामे यांना गाडीच्या सेवेचे अधिकृत भागीदार करावे, त्यांच्या प्रशिक्षणाची आणि योग्य मोबदल्याची तरतूद गाडीच्या भाड्यातूनच करावी, आणि शहरातील नागरिकांनीही स्थानकापासून लेण्यांपर्यंतच्या स्वच्छतेचा व वागणुकीचा आग्रह स्वतःपासून धरावा.